दिवाळी अंकांचं स्टूल दरवर्षी सैल पडतं : नेमकं काय बिघडतं आणि दुरुस्ती कशी करायची

जुन्या अंकांची थप्पी रचायची, वर-खाली प्लायचे तुकडे लावायचे, पट्टे आवळायचे की बसायचं स्टूल तयार. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मराठी दिवाळी अंक आणि कन्नड साप्ताहिकं दोन्ही घरात येतात, त्यामुळे सामानाला तोटा नाही. पण तक्रारही सगळीकडे एकच ऐकू येते. दिवाळीत घट्ट बांधलेलं स्टूल शिवरात्रीपर्यंत डुलायला लागतं. पट्टा पुन्हा आवळला तर पावसाळा कसाबसा निघतो आणि पुढच्या माघात परत तेच. बहुतेक जण पट्टा बदलतात, काही जण दोन अंकांमध्ये फेविकॉल ओततात. पट्टा बदलून क्वचितच भागतं, आणि फेविकॉलने पुढची दुरुस्ती अवघड होते.

आधी हे लक्षात घ्या की माणसाच्या वजनाने कागद दबत नाही. ८० किलोचा माणूस ३६ × २४ सेंमीच्या थप्पीवर बसला तर दर चौरस सेंमीवर १०० ग्रॅमसुद्धा भार येत नाही. तेव्हा "आमच्याकडची माणसं जड आहेत" हे कारण बाजूला ठेवा.

पट्टा सोडण्याआधी मोजमाप

स्टूल आहे तसंच ठेवून चारही कोपऱ्यांत खालच्या प्लायपासून वरच्या प्लायपर्यंतची उंची मिलिमीटरमध्ये मोजा. पहिल्यांदा बांधलं तेव्हाची उंची लिहून ठेवली असेल तर उत्तम. नसेल तर आजची लिहा, खालच्या प्लायवर पेन्सिलीने, महिन्यासकट.

चारही कोपरे सारखेच खाली आले असतील तर कागद सुकलाय किंवा थप्पीतली हवा निघून गेलीय. एकच बाजू खाली असेल तर अंकांचे कणे, म्हणजे शिवलेल्या किंवा चिकटवलेल्या कडा, एका बाजूला आलेत. उंची तेवढीच आहे आणि तरी पट्टा ढिला आहे, तर मात्र खरोखर पट्टाच ताणलाय. आणि उंची ठीक, पट्टाही घट्ट, पण थप्पीचं पोट बाहेर आलंय, तर गुळगुळीत मुखपृष्ठं एकमेकांवरून घसरताहेत. या चार लक्षणांवरून कुठे हात घालायचा ते ठरतं.

चारही कोपरे सारखे खाली

दहांपैकी आठ स्टुलांचं दुखणं हेच, म्हणून यावर जरा थांबू.

कागद हवेतली ओल पितो आणि सोडतो. कोरड्या हवेत त्याच्या वजनात शंभराला सहा-सात भाग पाणी असतं, भर पावसाळ्यातल्या दमट हवेत ते बारा-चौदापर्यंत चढतं. ओल चढली की पान जाडीला फुगतं, उतरली की आकसतं. एका पानात हे दिसतही नाही. पण ३४ सेंमीच्या थप्पीत शंभराला दोनच भाग फरक पडला तरी जवळजवळ ७ मिमी होतात, आणि पट्टा गळून पडायला तेवढं पुरे.

आता आपल्याकडे हे स्टूल बनतं कधी? दिवाळीच्या साफसफाईत. माळ्यावरची रद्दी खाली येते, कुणाला तरी कल्पना सुचते. म्हणजे मृगापासून हस्तापर्यंत चार महिने पाऊस प्यालेला कागद ऑक्टोबरात बांधला जातो. मग थंडी, मग कोरडा उन्हाळा. कागद आकसतो, पट्टा मात्र होता तेवढाच राहतो. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला हा फरक सगळ्यात मोठा दिसेल, अथणीकडे पाऊसच कमी असल्याने कमी दिसेल. एकाच मापाचं, एकाच पट्ट्याचं स्टूल खानापुरात ढिलं आणि अथणीत घट्ट, याचं गूढ एवढंच.

उपाय : बांधणी मार्च ते मे या काळात करा, आगोटीच्या आधी. अंक कोरडे झालेत का हे हाताला कळत नाही, वजनाला कळतं. थप्पीतले तीन अंक निवडा, त्यांच्यावर खूण करा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज एकाच वेळी वजन करा. ४०० ग्रॅमचा अंक पावसाळी ओलीतून पूर्ण सुकला की २०-२५ ग्रॅम उतरतो. सलग तीन दिवस काटा जागचा हलला नाही की अंक तयार. सुकवताना अंक पंख्यासारखे उघडून खाटेवर किंवा फळीवर उभे करा. सावलीत, वारा लागेल असे. थेट उन्हात ठेवले तर पानं पिवळी पडतात आणि कण्यातला चिकट गोंद कडक होऊन पानं सुटायला लागतात. एप्रिलमध्ये पंख्याखाली चार-पाच दिवस पुरतात. ढीग तसाच उन्हात ठेवून वरचा अंक सुकला म्हणजे सगळं सुकलं असं धरू नका. मधले अंक पंधरा दिवसांनीही ओलेच निघतात.

दुसरी गोष्ट हवा. हाताने रचलेली ३७ सेंमीची थप्पी नीट दाबली की ३४ वर येते. हे दाबणं बांधण्याआधी व्हायला हवं, नाहीतर ते काम पुढचे सहा महिने बसणारी माणसं करतात. बाइंडिंगवाल्याकडे शिकंजा असतो, ओळखीचा असेल तर दोन रात्रींसाठी थप्पी त्यात ठेवा. नसेल तर दोन जाड फळ्या आणि चार सी-क्लॅम्प. सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं आवळत ४८ तास ठेवा. एका दमात आवळलं तर मधली हवा तिथेच अडकून थप्पी फुगीर राहते.

पट्ट्याऐवजी आट्यांचा रॉड

एवढं करूनही कागद दरवर्षी थोडा फुगणार आणि आकसणारच. म्हणून ज्यांना हे कायमचं मिटवायचंय त्यांनी पट्टा नुसता शोभेला ठेवावा आणि ताण रॉडवर घ्यावा. बेळगावचा कारखानदारी जीव उद्यमबागेत आहे, तिथे आट्यांच्या रॉडसाठी वणवण करावी लागत नाही.

माप असं. बसायची उंची ४५ सेंमी. पाय ५ सेंमी, दोन प्लाय मिळून ३.६, दाबलेली थप्पी ३४, वर गादी अडीच. साधारण १८ × २४ सेंमीचे अंक, दोन थप्प्या शेजारी शेजारी, म्हणजे पाया ३६ × २४. एक अंक सरासरी एक सेंमी जाड धरला तर रचताना दर थप्पीला ३६-३७, एकूण सत्तरच्या वर अंक लागतात. सगळं मिळून वजन तीस किलोच्या आसपास जातं, हे आधीच घरातल्यांना सांगून ठेवा, कारण झाडू मारताना सरकवायचं त्यांनाच आहे.

लागणारं सामान :
१८ मिमी प्लायचे ४२ × ३० सेंमीचे दोन तुकडे
८ मिमी आट्यांचा रॉड, १ मीटरचे दोन. प्रत्येकातून ४२ सेंमीचे दोन तुकडे
नट १२ (वर ४, खाली ४ आणि त्यांना सैल होऊ न देणारे चेकनट ४)
२४ मिमी बाहेरमापाचे मोठे वायसर ८
५ सेंमी उंचीचे लाकडी ठोकळे ४
३ मिमी हार्डबोर्डचे ३६ × २४ सेंमीचे दोन तुकडे
वायरिंगचा २० मिमी पीव्हीसी पाइप

दोन्ही प्लाय एकावर एक धरून कोपऱ्यांत, दोन्ही कडांपासून १८ मिमी आत, ९ मिमीची भोकं एकदमच पाडा. वेगवेगळी पाडली तर रॉड तिरके बसतात आणि नट फिरताना आटे खातात. वरच्या प्लायला त्याच भोकाभोवती २५ मिमी रुंद, ९ मिमी खोल खळगा करा. वायसर आणि नट त्यात बुडतात, गादीखाली टोचत नाहीत. हा खळगा भोकाच्या आधी पाडणं सोपं, कारण मोठ्या बिटला मधला टेकू लागतो.

दोन थप्प्यांना एकमेकींशी बांधणारं काहीच नसतं, म्हणून दर ११-१२ सेंमीवर हार्डबोर्डचा तुकडा आडवा घाला. तो नसेल तर दोन थप्प्यांमध्ये फट पडते आणि स्टूल मधोमध दुभंगल्यासारखं दिसतं.

रॉड उघडे राहिले तर साडीचा पदर, लुंगी, पोरांचे गुडघे, सगळं त्यावर घासतं. त्यावर पीव्हीसी पाइप चढवा, पण थप्पीच्या उंचीपेक्षा पूर्ण १ सेंमी आखूड कापून. इथेच नेहमी चूक होते. पाइप थप्पीएवढाच कापला तर कागद आकसल्यावर सगळा ताण पाइपवर जातो. नट कितीही आवळा, थप्पी ढिलीच राहते आणि माणूस नटाला दोष देत बसतो.

आवळायचं खालून, १३ नंबरच्या पान्याने, समोरासमोरच्या कोपऱ्यांत आलटून पालटून, दर वेळी अर्धा फेरा. ८ मिमीच्या नेहमीच्या रॉडवर नटाचा एक पूर्ण फेरा म्हणजे १.२५ मिमी, त्यामुळे किती खाली आणलं याचा हिशेब ठेवता येतो. शेवटी चेकनट. वर्षातून तीनदा पाना लावायचा : संक्रांतीला एकदा, एप्रिलअखेर एकदा, आणि मिरग लागायच्या सुमारास उलटा अर्धा फेरा ढिला. हा ढिला फेरा विसरलात तर फुगलेला कागद प्लायला मधून वर उचलतो आणि बैठक कासवाच्या पाठीसारखी होते.

एकच बाजू खाली

अंकाचा कणा उघड्या कडेपेक्षा जाड असतो. पिनांनी शिवलेल्या साप्ताहिकात घडी आणि पिना दोन्ही तिथेच. दिवाळी अंकाच्या कण्यात गोंदाचा थर. फरक अर्ध्या मिलिमीटरचा का असेना, सगळे कणे एकाच बाजूला आले तर ४० अंकांत २ सेंमी होतात. रचताना कणे बाहेर दिसले की छान दिसतं, म्हणून लोक तसंच रचतात. पुस्तकाच्या कपाटात ते शोभतं, बसायच्या वस्तूत नाही.

दिवाळी अंक असतील तर एक डावीकडे कणा, पुढचा उजवीकडे. पिनांची साप्ताहिकं असतील तर पिना आधी काढूनच टाका. त्या पावसाळ्यात गंजतात, गंज पानात उतरतो आणि त्या जागी कागद ठिसूळ होतो. पिना काढलेली साप्ताहिकं पाच-पाचच्या गठ्ठ्यात उलटसुलट करा. वेगवेगळ्या मापांचे अंक एका थप्पीत घालायचेच असतील तर मोठे खाली. मध्ये एखादा मोठा अंक घुसवला की त्याच्या बाहेर आलेल्या कडा पहिल्याच महिन्यात दुमडतात.

आधीच कललेलं स्टूल सगळं उपसायची गरज नसते. उंचीतला फरक ५ मिमीच्या आत असेल तर वरचा एक तृतीयांश भाग काढून तेवढेच अंक फिरवून ठेवा. त्याहून जास्त असेल तर पाचर मारून भागवू नका. पूर्ण थप्पी पुन्हा रचा.

उंची तेवढीच, पट्टा ढिला

सुती नवार ताणते, आणि पहिल्या आठवड्यातच ताणते. नायलॉनचा पट्टा ओल पितो आणि ओला असताना लांबतो. पावसाळ्यात बांधला तर खास करून. पॉलिस्टरचा पट्टा जवळजवळ पाणी पीत नाही. पट्टाच वापरायचा असेल तर सामान बांधायचे खटक्याचे पॉलिस्टर पट्टे, २५ मिमी रुंद, दोन उभे आणि एक आडवा.

चामड्याच्या पट्ट्याचा रुबाब वेगळा. अथणी-निपाणी भागात कोल्हापुरी चपला करणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडून हवी ती लांबी-रुंदी मिळू शकते. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं हे चामडं मजबूत असतं, पण भाराखाली लांबतं. पट्टा लावण्याआधी एका टोकाला १०-१५ किलो वजन बांधून तो २४ तास टांगून ठेवा आणि भोकं त्यानंतर पाडा. बक्कल पितळेचं घ्या. साल-हिरड्यात कमावलेल्या चामड्याला ओलसर लोखंड लागलं की काळा डाग पडतो. तोच डाग पुढे मुखपृष्ठावर उतरतो आणि घासून जात नाही.

पोट बाहेर आलेलं

मुखपृष्ठांवर प्लास्टिकचं पातळ आवरण असतं, जाहिरातींच्या आर्ट पेपरवर पांढऱ्या मातीचा गुळगुळीत लेप. अशी दोन पृष्ठं एकमेकांवर आली की सरकतात. इथे लोक फेविकॉल लावतात आणि तो आठवड्यात पापुद्र्यासारखा निघतो. हा गोंद कागदाच्या धाग्यांत पाणी मुरल्यावर धरतो. प्लास्टिक पाणी पीत नाही, मग धरणार कुठे?

मुखपृष्ठं फाडून काढणं हा सगळ्यात स्वच्छ उपाय. मन होत नसेल तर दोन मुखपृष्ठांमध्ये वर्तमानपत्राचं एक पान सुकंच ठेवा. खडबडीत कागदाची पकड पुरते. गोंद लावायचाच तर आवरण १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून काढा आणि गोंदात पाणी घाला तर चार भागांना एक भाग, त्यापेक्षा जास्त नको. निम्मं निम्मं केलेला गोंद पानाला सुरकुत्या पाडतो आणि ते पाणी थप्पीच्या पोटात अडकून पडतं.

कुबट वास, काळे-हिरवे ठिपके

ही बुरशी. बहुतेक वेळा कारण एकच असतं : थप्पीच्या कडांना व्हार्निश मारलेलं असतं, आणि ते ओल्या दिवसांत. ओल आत कोंडली, बाहेर पडायला वाट नाही. व्हार्निश मारायचंच असेल तर एप्रिलमध्ये, वजनाची परीक्षा झाल्यावर, पातळ दोन हात. न मारलेलं बरं, असं आमचं मत.

ठिपके दिसले तर थप्पी अंगणात नेऊन उघडा. नाकाला फडकं बांधा, सुक्या ब्रशने झाडा. ओल्या फडक्याने पुसलं तर बुरशी आणखी पसरते. ज्या अंकाची पानं मऊ पडून फाटताहेत ते टाकून द्या, शेजारचे दोन अंकही. बाकीचे सुकवून पुन्हा वजनाला लावा. जागा बदला : दक्षिण-पश्चिमेच्या भिंतीला पावसाचा मारा जास्त, तिथून स्टूल एक वीत तरी दूर असू द्या.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेच्या काठी आलं तसं पाणी थप्पीत शिरलं असेल तर घाई करावी लागते. आर्ट पेपर ओला असेपर्यंतच सुटा होतो. सुकला की लेपातला चिकटपणा पानं एकमेकांना धरून ठेवतो आणि अंकाची फळी होते. मग ती सोडवता येत नाही. साध्या कागदाचे अंक वाचवता येतात. वेळ थोडा असेल तर चकचकीत अंक आधी हातात घ्या किंवा सरळ सोडून द्या.

कसर आणि वाळवी

कसर पिठाच्या खळीवर येते, म्हणून मैद्याची किंवा कणकेची खळ या कामात टाळा. जुने बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात ते याचसाठी. पण मोरचूद विषारी, शिवाय लोखंडी पिनांना खातं. पोरं बसणार असतील तर नकोच.

वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या करत वर चढते. ठोकळ्यांचे पाय ५ सेंमी ठेवायचं हेही एक कारण, खाली वाकून नळी दिसते. स्टूल थेट फरशीवर बसवलं तर कळेपर्यंत आतले अंक पोखरून झालेले असतात. डांबरगोळ्यांवर विसंबू नका. नळी दिसली तर ती मोडून स्टूल जागेवरून हलवा आणि भिंतीच्या सांध्यावर औषध मारून घ्या, कारण वारूळ स्टुलात नसतं, घराच्या पायाशी असतं.

सुरळ्यांचं टेबल असेल तर

थप्पीऐवजी पानांच्या सुरळ्या चिकटवून टेबल केलं असेल आणि सुरळ्या उलगडत असतील, तर पान चुकीच्या दिशेने गुंडाळलंय. कागदाला लाकडासारखा रेषांचा कल असतो. पान दोन्ही दिशांनी फाडून बघा. सरळ फाटतं ती कलाची दिशा, वेडंवाकडं फाटतं ती आडवी. सुरळीची लांबी कलाच्या दिशेने ठेवली की पान विनातक्रार वळतं आणि सुरळी उभ्या भाराला ताठही राहते. आर्ट पेपरची पानं यात घेऊ नका, ती वळवली तरी पुन्हा उघडू बघतात. आतली साधी पानं, ६ मिमीच्या सळईवर गुंडाळून, शेवटच्या २ सेंमीलाच गोंद. सळई काढून रबर लावून रात्रभर ठेवा. रबर सकाळी काढलं तरी चालतं, पण टेबलावर सुरळ्या चिकटवायच्या त्या दुसऱ्या दिवशीच.